थकव्याचा आकडा

प्रिय चेलिमो,

तुझा निरोप पोचला. आईच्या फोनवर आलेला तो निरोप तिने मलाच वाचून दाखवायला सांगितला, कारण तिचा चष्मा पुन्हा हरवलाय. म्हणजे माझ्याबद्दलचं तुझं गाऱ्हाणं मलाच मोठ्याने वाचावं लागलं. "ताईला सांग, माझा मुलगा सात महिन्यांचा झाला. एल्डोरेटहून नैरोबीला दिवसभर गाड्या सुटतात, तिला एकही सापडली नाही का?" मी वाचलं, फोन आईच्या हातात दिला आणि चहात दूध घालायला उठले. आई काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचं कारण मला माहीत आहे, आणि आज तुलाही ते कळेल.

तुझ्या सासूबाई बाळाचं नाव ठेवण्याच्या जेवणाला काय म्हणाल्या, तेही माझ्या कानावर आलंय. जिचा स्वतःचा पोरगा चाकाच्या खुर्चीत बसलाय, तिला दुसरीचं बाळ कसं बघवेल, नजर लागायची त्याला. बाई फटकळ आहे, पण मी तिच्यावर रागावले नाही. शेजारीपाजारीही हेच म्हणतात, फक्त मी दळणाच्या गिरणीतून बाहेर पडेपर्यंत थांबतात. तुला मात्र तसं वाटू नये, चेलिमो. फोनवर सांगायचं किती वेळा ठरवलं, पण फोनवर एक तर तू रागाने मध्येच तोडशील, नाहीतर मी रडत बसेन. केम्बोईचा मावसभाऊ उद्या तुमच्या न्गोंगला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. बाळ झोपलं असेल तेव्हा वाच. यात तुझ्या किबिवोतबद्दल मला काही सांगायचंय, पण त्याआधी माझ्या किमाइयोची सगळी हकीकत तुला कळायला हवी. तुला वाटतं ती तुला ठाऊक आहे. तुला अर्धीच ठाऊक आहे.

किमाइयो जन्मला त्या दिवशी मागच्या अंगणात बिअर गाळली जात होती, म्हणून त्याचं नाव किमाइयो. तुला आठवतं, तूच बातमी घेऊन पळत गेलीस आणि म्हाताऱ्यांनी बिअरच्या मडक्याभोवतीच गाणं सुरू केलं. तो चालायला लागला उशिरा, आणि लागला तो थेट चवड्यांवर. टाच जमिनीला टेकायचीच नाही. दुसऱ्या एखाद्या गावात आईने काळजी केली असती, पोराला कुणाला तरी दाखवलं असतं. आपल्या गावात सकाळी दूध घालायला निघालं तरी बाजूला सरकून तीस-चाळीस पळणाऱ्यांना वाट द्यावी लागते, इथे टाच न टेकणारं पोर म्हणजे देवाची देणगी. तुमच्या इथल्या पळण्याच्या छावणीतला सिगेई त्याला बघून म्हणाला होता, "टाच न टेकता पळायला शिकायला समुद्र ओलांडून माणसं येतात माझ्याकडे. हा आईच्या पोटातून शिकून आलाय." मी किती दिवस ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरत होते. आणि त्याच्या पोटऱ्या! आपल्याकडच्या पोरांचे पाय काटक्यांसारखे, याच्या पोटऱ्या भरलेल्या, कडक. तू त्या दाबून म्हणायचीस, "ताई, मक्याच्या उगालीचे गोळे ठेवलेत का गं आत? हा काही पळणारा व्हायचा नाही, पोलीस होणार." आम्ही सगळे पोट धरून हसायचो आणि किमाइयो पोलिसासारखा सलाम ठोकायचा.

शाळेत जायला लागल्यावर तो मागे पडू लागला. पोरं घंटा झाली की पळत सुटायची, हा सगळ्यात शेवटी, आणि वाटेत कुठेतरी पडलेला. पडला की उठताना आधी गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. मी ओरडायचे, नीट बघून चाल म्हणून. केम्बोई म्हणायचा, "पोरं पडतात, त्यात काय?" मग त्याला तो ताप आला आणि आरोग्य केंद्रात रक्त तपासलं. मलेरिया नव्हता, पण कागदावर लिव्हरचे एन्झाइम वाढलेले निघाले, असावेत त्याच्या चार-पाच पट. तिथल्या बाईंनी विचारलं, "घरात काही काढाबिढा देता का याला? झाडपाला, मुळ्या?" मी सरळ मनाने हो म्हटलं. कुणाच्या घरात देत नाहीत?

त्या एका ‘हो’मुळे घरात काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू तेव्हा इटलीच्या शर्यतीला गेली होतीस. केम्बोई रीत कशी पाळतो तुला माहीत आहे, सासूसमोर जेवायला बसत नाही, तिच्या वाटेत आला तर रस्ता बदलतो. तो अंगणात उभा राहिला आणि घराकडे पाठ करून, आईला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, माझ्या मुलाचं लिव्हर तिने खराब केलंय. यापुढे तिच्या हातचं पाणीसुद्धा नको." गावातही हसण्यावारी गेलं, बिअरच्या दिवशी जन्मलेल्या पोराचं लिव्हर बिघडायचंच असं. आईने तिच्या सगळ्या मुळ्या आणि साली, आजीपासून चालत आलेल्या, गोठ्यामागे नेऊन जाळल्या. त्यानंतर कित्येक महिने तिने किमाइयोला स्वतःच्या हाताने काही भरवलं नाही. आंबवलेल्या दुधाचा, मुरसिकचा भोपळा काढायची, कप भरायची, आणि माझ्या हातात द्यायची, तू दे म्हणून. तो तिच्याकडे हात पसरायचा आणि ती चुलीत फुंकर घालत राहायची. चेलिमो, आपल्या आईला मी तेवढं म्हातारं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काढे बंद झाले, आणि पुढच्या तपासणीत लिव्हरचे आकडे जिथल्या तिथे. तेव्हा तिथे नवीन आलेल्या डॉक्टरने कागद बघून सांगितलं की लिव्हरचे म्हणतात ते एन्झाइम नुसते लिव्हरमध्ये नसतात, स्नायूंतही असतात, कदाचित तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारताय. सीके करून आणा. सीके म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्यासमोरच हसले. काहीतरी लांबचं, न ऐकलेलं नाव घेतलं असतं तर मी घाबरले असते. सीके म्हणजे आपल्या घरातला शब्द. तुमच्या छावणीत लांब पळणं झालं की दुसऱ्या सकाळी सिगेई तुमची बोटं टोचत बसायचा, आणि तू घरी येऊन सांगायचीस, आज माझा थकव्याचा आकडा एवढा, आज विश्रांती. तुझा आकडा एकदा फार चढला तेव्हा तू दोन दिवस अंगणात पाय वर करून पडून होतीस आणि मला चहा करायला लावत होतीस. मी किमाइयोला घेऊन सिगेईकडेच गेले. दुसरीकडे जायचं मनातही आलं नाही.

नेहमी दोनशेच्या आत असायला हवा तो आकडा पंधरा हजारांच्या वर होता. सिगेईने कागद माझ्यासमोर नाचवला आणि इतका हसला की बाहेर बोट टोचून घ्यायला बसलेले पोरगे आत डोकावले. "जेरोतिच, माझ्या मोठ्या पळणाऱ्यांचा आकडा याच्याएवढा चढत नाही! काय पळवतेस काय याला खोऱ्यात उतरवून? आठवडाभर घरी बसव, आपोआप उतरेल." मी आठवडाभर घरी बसवला. तेवढाच आकडा. सिगेई म्हणाला, चोरून पळत असेल, या वयाची पोरं कुठे ऐकतात. केम्बोईने त्याला मोटरसायकलवरून शाळेत सोडायला सुरुवात केली. आकडा हलला नाही. मग सिगेईने ठरवून टाकलं की काही पोरांचं रक्तच तसं असतं, आणि तशीच पोरं पुढे जगज्जेती होतात. मी सिगेईला दोष देत नाही. इतक्या वर्षांत त्याच्याकडे न पळणारा माणूस कधी आलाच नव्हता. ज्या गावात सगळ्यांचेच आकडे चढलेले असतात, तिथे चढलेला आकडा बघून दचकणार कोण? मीही दचकले नाही. अशी दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत मी माझ्या मुलाला जास्त अंडी खायला घातली.

मग ओढ्यावर पडून त्याचा हात मोडला, तेव्हा आम्ही एल्डोरेटच्या मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टर न्याबोके तिथे मुलांच्या विभागात होती. किसीकडची माणसं सहसा मोठ्याने बोलतात, ही बाई मात्र अगदी हळू बोलते. तिने हात बघण्याआधी किमाइयोला खाली बसून उठायला सांगितलं. तो मोडका हात पोटाशी धरून एका हाताने मांडीवर चढत उठला. तिने त्याला पुन्हा सांगितलं नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "याचा सीके कधी केलाय का?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, खूप वेळा केलाय, नेहमी जास्तच येतो, आमच्याकडे सगळ्यांचाच येतो. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. डॉक्टर टेबलाच्या पलीकडून उठून तुमच्या बाजूला येऊन बसते तेव्हा काय समजायचं, ते मला त्या दिवशी कळलं.

तिने मला जसं समजावलं तसंच तुला सांगते, कारण तुला या चाचणीची एकच बाजू माहीत आहे. सीके हा एन्झाइम स्नायूच्या आत कामाला असतो, रक्तात त्याचं काही काम नाही. मुरसिक भोपळ्यात असावं तसा तो आत असतो. भोपळ्याखालची जमीन ओली दिसली तर काय समजायचं? भोपळा कुठेतरी झिरपतोय. रक्ताची चाचणी म्हणजे ती जमीन हाताने चाचपून बघणं, बाकी काही नाही. तुम्ही पळणारी माणसं डोंगर चढता-उतरता, तुमचे स्नायू थोडे थोडे फाटतात, झिरपतं, आकडा चढतो. मग तुम्ही विश्रांती घेता, फट सांधली जाते, आकडा उतरतो, आणि स्नायू आधीपेक्षा मजबूत होतो. तुझं सगळं करिअर त्या सांधण्यावर उभं आहे. किमाइयोच्या स्नायूंना सांधायला जो माल लागतो तोच त्याच्या अंगात तयार होत नाही. तो नुसता चालला, हसला, झोपेत कूस बदलली, तरी झिरपतं. लिव्हरचे म्हणून जे एन्झाइम वाढलेले दिसले, तेही त्याच फटींतून आलेले. आईचे काढे निर्दोष होते. चवड्यांवर चालणं, भरलेल्या पोटऱ्या, ज्यावर आपण इतके हसलो, ती सगळी त्याच आजाराची लक्षणं. त्या पोटऱ्यांत ताकद नव्हतीच गं, झिजलेल्या स्नायूच्या जागी चरबी भरत होती.

मी घरी येऊन पहिल्यांदा आईकडे गेले. म्हटलं, तुझ्या काढ्यांनी काही झालेलं नाही. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. केम्बोई त्या संध्याकाळी एक शेळी घेऊन तिच्या अंगणात गेला, दाव्याने खुंटीला बांधली, आणि मान खाली घालून परत आला. दुसऱ्या दिवशी आईने किमाइयोला मांडीवर घेऊन मुरसिक पाजलं, तो सात वर्षांचा घोडा झाला होता तरी.

गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांनी आजार जात नाही, फक्त हळू चालतो. न्याबोके म्हणाली, जितक्या लवकर सुरू होतात तितकं पोर जास्त वर्षं पायांवर राहतं. मी विचारलं, दोन वर्षं आधी सुरू केल्या असत्या तर? तिने मला खोटं सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे. तू म्हणशील ताई आता आभारही विचित्रच मानायला लागलीय. गेल्या वर्षी तो खुर्चीत बसला ते तुला माहीत आहे. रस्त्याकडेला खुर्ची लावून घेतो आणि पळणाऱ्यांवर हुकूम सोडतो. परवा सिगेईला ओरडून म्हणाला, "काका, तुमचा तो निळ्या शर्टवाला लंगडतोय! त्याचा सीके बघा, माझा पुरे झाला!" सिगेई जागच्या जागी थांबला आणि दुसरीकडे बघायला लागला.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. खुर्चीत बसल्यावर काही महिन्यांनी न्याबोकेने पुन्हा सीके केला, आणि आकडा उतरला होता. पंधरा हजारांवरून चार हजारांच्या आसपास. तिला भेटण्याआधीच कागद माझ्या हातात पडला. मी इस्पितळाच्या पायऱ्यांवरून केम्बोईला फोन केला, उतरला, उतरला, एवढंच म्हणत होते. त्याने चर्चमध्ये सांगितलं, लोकांनी हात वर करून गाणी म्हटली, आम्ही घरी पोचेपर्यंत मांस चुलीवर चढलं होतं. मी मात्र येताना गाडीत खिडकीबाहेर बघत होते, कारण मधल्या वेळात न्याबोके भेटली होती. मी तिला म्हटलं, फटी सांधायला लागल्या ना? तिने कागद माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "किमाइयोची आई, झिरपायला आता फारसं उरलंच नाहीये." स्नायूच कमी झाला की आकडा उतरणारच, चेलिमो. चढलेला आकडा बघून आम्ही हसलो होतो, आणि उतरलेला बघून जेवण घातलं. त्या रात्री मी सगळ्यांना मांस वाढलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. केम्बोईला सांगितलं ते पाहुणे गेल्यानंतर, दुसऱ्या दिवशी, शेतात.

आता आपल्या घराचं सांगते. न्याबोकेने अगदी सुरुवातीला मला विचारलं होतं, आईच्या माहेरी कुणी मुलगे असे होते का? हा आजार आईकडून मुलग्यात उतरतो, बायकांच्या अंगात तो बहुतेक गप्प बसून राहतो. मी सांगितलं होतं, नाही, दोन मामा होते, दोघेही पोकोटांवरच्या गुरांच्या धाडीत मारले गेले. तेच आपण लहानपणापासून ऐकत आलो ना? धाकटे मामा तर एकटेच दहा जणांशी लढले म्हणे. न्याबोके म्हणाली, मग कदाचित याच्यातच नव्याने उद्भवला असेल, तसंही होतं. तिथेच ते राहिलं. पण तुझं बाळंतपण जवळ आलं तेव्हा जनुकांची तपासणी परदेशातून करून घ्यायची सोय झाली, आणि तिने माझं रक्तही मागितलं. सोबत माझा सीकेही करायचा, त्याआधी आठवडाभर जड काम नाही, पाणी नाही, लाकूड नाही. मी आठवडाभर महाराणीसारखी बसले आणि केम्बोई पाण्याचे डबे वाहत होता. गावातल्या बायका विचारायच्या, "जेरोतिच, पुन्हा दिवस गेले का?" माझा आकडा आला पाचशेच्या वर. फार नाही, पण न पळणाऱ्या, आठवडाभर बसून राहिलेल्या बाईचा तो असायला नको. परदेशातून आलेल्या कागदानेही तेच सांगितलं. तो कागद आला त्याच आठवड्यात तुझा फोन आला, मुलगा झाला म्हणून. तू आनंदाने रडत होतीस आणि मी तुझं अभिनंदन केलं. माझा आवाज कसा येत होता कुणास ठाऊक. तू म्हणालीस, ताई, तुला सर्दी झालीय का?

मग आईची पाळी. तिला आठवडाभर बसवणं म्हणजे वाऱ्याला दोरी बांधणं. मी शेण काढायला वळले की ही बादली उचलायची. शेवटी मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसले, हलायचं नाही म्हणून. तशीच बसली असताना एका दुपारी ती एकदम म्हणाली, "जेरोतिच, कुणी धाडीला गेलं नव्हतं." मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. "तुझे मामा. धाडीला जायला उभं राहता यायला हवं ना." थोरल्याला तीच पाठीवर घेऊन गोठ्यात न्यायची, कारण बाहेरच्यांना दिसू नये. धाकट्याने तर सोळावं वर्षही पाहिलं नाही. गावाने सांगितलं की आजोबांनी कुणाच्या तरी जमिनीवरून खोटी शपथ घेतली, तिचा हा शाप. पांढरी शेळी कापली, म्हातारे येऊन आशीर्वादाचं थुंकून गेले. आई लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिने शाप तिकडेच सोडायचं ठरवलं आणि गोष्टीत दोघा भावांच्या हातात भाले दिले. मी तिला विचारलं नाही की आधी का नाही सांगितलंस. तिच्याकडे बघून विचारवेना. तिचाही आकडा वाढलेलाच आला. तिने कागदाला हातसुद्धा लावला नाही, फक्त म्हणाली, "म्हणजे मीच दिलं त्याला." मी म्हटलं, तू दिलंस तसं मीही दिलं, आणि दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं. ती रडली नाही. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, चेलिमोला सांगू नकोस. अंगावर पाजतेय ती. ऐकून दूध आटेल तिचं. मी थांबले. निरोप वाचून दाखवला त्या रात्रीही तिने पुन्हा तेच सांगितलं. पण आता मी तिचं ऐकणार नाही, कारण दूध आटलं तर गाईचं पाजता येतं, गेलेली वर्षं कुठून आणायची?

आता तुला कळलं असेल, चेलिमो, मी का आले नाही. तुझ्या मुलाची मला असूया वाटत नाही. मला त्याचे पाय बघायची भीती वाटते. मला आता कुठल्याच लहान मुलाकडे मावशीसारखं बघता येत नाही. मांडीवर घेतलं की हात आपोआप पोटरीकडे जातो, आणि तुझ्या डोळ्यांदेखत माझा हात किबिवोतच्या पोटरीवर थांबला असता तर मी तुला काय सांगितलं असतं? आईकडून हे तुझ्यात आलं असायची शक्यता निम्मी, आलं असलं तरी तुझ्याकडून त्याच्यात जायची पुन्हा निम्मी. म्हणजे चारात तीन हिस्से तुझ्या बाजूने आहेत, तेच मनात धर. तुझं स्वतःचं रक्त आत्ता तपासू नकोस, तू पुन्हा पळायला लागलीयेस, तुझ्या आकड्याचा अर्थ कुणालाच लागणार नाही, आणि तुमच्या छावणीत तर नाहीच. दुसरं मूल होण्याआधी ते बघू, न्याबोके तुला भेटायला तयार आहे. पण किबिवोतला या आठवड्यात घेऊन जा. छावणीत नाही, मुलांच्या मोठ्या इस्पितळात, आणि सांग, सीके करा. तो अजून उभासुद्धा राहत नाही. एक पाऊल टाकलेलं नाही त्याने. त्याचा आकडा चढला तर तो पळाल्यामुळे चढला असं कुणालाही म्हणता येणार नाही, आणि जी दोन वर्षं किमाइयोला मिळाली नाहीत ती तुझ्या मुलाला मिळतील. आणि आकडा साधा आला, तर तू खुशाल महिनाभर मला शिव्या घाल, मी त्या बसून ऐकेन. कागद हातात आला की मला फोन कर. आकडा काय आला ते सांगू नकोस, मी विचारणारही नाही. नुसतं म्हण, ताई, ये. मी मिळेल त्या गाडीने निघेन.

तुझीच,
जेरोतिच